वहीत नाव कोणाचं?



लखनौचा उन्हाळा तुम्ही अनुभवलाय का? एप्रिल लागला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आमच्या कॉलनीतली पोरं मग ऊन कलल्यावरच खाली उतरतात. प्लास्टिकची खुर्ची म्हणजे स्टंप, टेनिसच्या चेंडूला गुंडाळलेली टेप, आणि पहिली बॅटिंग कोणाची यावरून रोजची जुंपलेली. ‘पहले आप’ म्हणणारं हे शहर बॅटिंगच्या बाबतीत मात्र ‘पहले हम’ म्हणतं, हे मला इथं बदलीवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं.

गोष्ट २०२५च्या एप्रिलमधली. मी बाल्कनीत कपडे काढत होते, शेजारी सासूबाई चहा घेत बसल्या होत्या. खाली आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आउट झाला. बॉल टाकणारा बारा-तेराचा. तो धावत त्या लहानग्याच्या पुढ्यात गेला, डावा तळवा वहीसारखा धरला आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. बाकीची पोरं खो खो हसली. लहानग्यानं बॅट टाकली आणि तो जिन्यानं वर पळाला.

आमच्या सासूबाई मूळच्या अमरावतीच्या. लखनौत चार वर्षं झाली तरी त्यांची वऱ्हाडी काही सुटलेली नाही. त्यांनी मला विचारलं, “काहून वं, तो पोट्टा हातावर काय लिहून राह्यला?”

मी म्हटलं, “आई, वही आहे ती. ज्याला आउट केलं त्याचं नाव लिहायचं.”

“मंग लिहा ना. त्याच्या तोंडासमोर जाऊन कायले लिहाचं?”

मंडळी, आजचा आपला विषय हाच आहे. खेळात जिंकल्याचा आनंद कुठं संपतो आणि दुसऱ्याला डिवचणं कुठं सुरू होतं? आणि ते सुरू झालं की दंड कोणाला व्हायला हवा? करणाऱ्याला की त्याच्या अख्ख्या संघाला?

पोरांनी हे शिकलं कुठून?

आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या एकाना स्टेडियममधून. पूर्ण नाव भारतरत्न श्री अटलबिहारी वाजपेयी एकाना क्रिकेट स्टेडियम. नोव्हेंबर २०१८ मध्ये इथं पहिला आंतरराष्ट्रीय टी-२० सामना झाला आणि आपल्या रोहित शर्मानं वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १११ धावा काढून त्याचं उद्घाटन साजरं केलं. आता हे लखनौ सुपर जायंट्सचं घरचं मैदान आहे.

२०२५च्या हंगामात या संघाकडं एक नवा फिरकी गोलंदाज होता, दिल्लीचा दिग्वेश राठी. लिलावात ३० लाखांना घेतलेला. आयपीएलच्या भाषेत ही तळाची किंमत, पण पोरगा गुणी निघाला. त्या हंगामात १३ सामन्यांत १४ बळी, म्हणजे लखनौकडून सर्वांत जास्त. बळी मिळाला की तो हातावर नाव लिहायचा.

ही लकब त्याची स्वतःची नाही. वेस्ट इंडिजचा केसरिक विल्यम्स हे करायचा. २०१७ मध्ये जमैकात त्यानं विराट कोहलीला बाद करून असंच नाव लिहिलं होतं. कोहलीनं ते लक्षात ठेवलं. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादला विल्यम्सच्या चेंडूवर षटकार मारून त्यानं स्वतःच्या हातावर लिहून दाखवलं. म्हणजे ही वही हातोहात फिरत आलीय. ज्याचं नाव लिहिलं जातं तो ते विसरत नाही, एवढं मात्र खरं.

तीन रात्री, एकच मैदान

आता हिशेब बघा. तिन्ही सामने एकानावरचेच.

१ एप्रिल २०२५, समोर पंजाब. राठीनं प्रियांश आर्यला बाद केलं. दोघं दिल्लीकडून एकत्र खेळलेले, ओळखीचे. राठी त्याच्या मागोमाग गेला, अगदी जवळ जाऊन नाव लिहिलं. दंड: मॅच फीच्या २५ टक्के आणि एक डिमेरिट गुण.

४ एप्रिल, समोर आपली मुंबई इंडियन्स. नमन धीर ४६ धावांवर बोल्ड झाला. पुन्हा वही. खरं तर त्या रात्री राठीनं ४ षटकांत फक्त २१ धावा दिल्या होत्या, लखनौ १२ धावांनी जिंकलं आणि सामनावीरही तोच झाला. पण पेपरात बातमी आली ती दंडाची: फीच्या ५० टक्के आणि आणखी दोन डिमेरिट गुण.

मग तो थोडा शहाणा झाला. ८ एप्रिलला कोलकात्यात सुनील नारायण बाद झाला तेव्हा त्यानं खाली बसून गवतावर नाव लिहिलं. कोणाच्या तोंडासमोर गेला नाही. त्याबद्दल दंड झाला नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या तसंच: लिही बाबा, पण तोंडासमोर कशाला?

पण १९ मे उजाडला. समोर हैदराबाद. अभिषेक शर्मानं २० चेंडूंत ५९ धावा कुटल्या होत्या आणि लखनौचं स्पर्धेतलं आव्हान पणाला लागलेलं. अशा वेळी राठीनं अभिषेकला बाद केलं, हातानं ‘चल, नीघ’ अशी खूण केली आणि वही उघडली. या वेळी फलंदाज परत फिरला. शब्दाला शब्द लागला, पंच आणि खेळाडू मध्ये पडले. लखनौ तो सामना हरलं आणि स्पर्धेतून बाहेर गेलं.

राठीला पुन्हा ५० टक्के दंड आणि दोन गुण. अभिषेकलाही २५ टक्के दंड आणि एक गुण, कारण उलट उत्तर देणंसुद्धा नियमात बसत नाही. राठीचे एकूण गुण झाले पाच, आणि चार गाठले की एका सामन्याची बंदी. २२ मेच्या अहमदाबादच्या सामन्यात तो नव्हता.

२०२५ मध्ये आयपीएलमधली मॅच फी सामन्याला साडेसात लाख होती. त्या हिशेबानं १ लाख ८७ हजार ५००, मग दोनदा ३ लाख ७५ हजार. एकूण ९ लाख ३७ हजार ५००. तीस लाखांवर घेतलेल्या पोरानं हवेत बोट फिरवण्यासाठी मोजलेली ही किंमत. महागडी वही म्हणायची!

सामन्यानंतर दोघांचं बोलणं झालं, सगळं मिटलं, असं अभिषेकनं नंतर सांगितलंही. पण माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिला. दोनदा दंड होऊनही तिसऱ्यांदा तेच का झालं?

दंड उशिरा लागला की

मला वाटतं, उत्तर दंडाच्या रकमेत नाही, वेळेत आहे. क्रिकेटमध्ये अशा वागण्याचा बहुतेक हिशेब सामना संपल्यावर होतो. पंच अहवाल देतात, मॅच रेफरी ठरवतो, दुसऱ्या दिवशी बातमी येते. मैदानावर त्या क्षणी काय होतं? काहीच नाही. धावफलक तसाच राहतो. गर्दी शिट्ट्या वाजवते. रिलमध्ये तोच तुकडा फिरतो. सोबत्यांचं काही बिघडत नाही, म्हणून तेही हसतात. बिल मागाहून येतं आणि ते एकट्याच्या नावावर येतं.

याच मैदानावर १ मे २०२३ला काय झालं होतं ते तुम्हाला आठवत असेल. लखनौ विरुद्ध बंगळुरू. सामना संपल्यावर विराट कोहली आणि तेव्हा लखनौचे मार्गदर्शक असलेले गौतम गंभीर समोरासमोर आले. दोघांनाही पूर्ण १०० टक्के मॅच फीचा दंड झाला, अफगाणिस्तानच्या नवीन-उल-हकला ५० टक्के. पण पुढे कित्येक महिने नवीन दिसला की गर्दी कोहलीच्या नावानं ओरडायची. शेवटी ते थांबवलं कोणी? ऑक्टोबर २०२३ मध्ये दिल्लीत विश्वचषकाच्या सामन्यात खुद्द कोहलीनंच प्रेक्षकांना हातानं थांबायची खूण केली आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. दंडानं जे झालं नाही ते एका खुणेनं झालं.

जिथं चूक एकाची, भुर्दंड सगळ्यांना

आता तुम्हाला जरा अमेरिकेत नेते. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या घरी हिवाळ्यात रविवारी टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागलेला असतो. व्हिडिओ कॉलवर मागून आरडाओरडा ऐकू येतो. सुरुवातीला मला ती नुसती धक्काबुक्की वाटायची. तिच्या मुलानं समजावलं तेव्हा कळलं, की त्या धक्काबुक्कीचे नियम आपल्या क्रिकेटपेक्षा कडक आहेत.

थोडक्यात सांगते. एका बाजूला ११ खेळाडू. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढं सरकायचं असतं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असं करत करत मैदानाचं शेवटचं टोक गाठायचं. चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. त्याचं सगळं लक्ष दूरवर धावणाऱ्या सोबत्याकडं असतं, त्यामुळं त्याला अंगावर येणारा माणूस नीट दिसत नाही.

म्हणून नियम असा, की चेंडू हातात असेपर्यंत त्याला पाडा. पण चेंडू सुटल्यावर त्याच्यावर आदळलात, किंवा त्याच्या डोक्यावर मारलंत, तर तो ‘रफिंग द पासर’. पंच लगेच पिवळं फडकं मैदानावर भिरकावतो. दंड १५ यार्ड, म्हणजे जवळपास १४ मीटर, आणि वर समोरच्या संघाला चार ताजे प्रयत्न. डिवचण्यालाही तिथं १५ यार्डांचाच दंड आहे. आणि एकाच सामन्यात खिलाडूवृत्तीला न शोभणाऱ्या वागण्याचे असे दोन गुन्हे झाले की खेळाडू मैदानाबाहेर. हा नियम २०१६ पासून आहे. पैशांचा दंड होतो तो वेगळा, नंतर.

फरक लक्षात आला? तिथं मागं सरकतो तो अख्खा संघ, आणि त्याच क्षणी.

आपल्याला हे नवीन आहे असं मात्र नाही. सासूबाईंना मी हे सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, “हे तं आपल्या कबड्डीतच आहे.” अमरावतीच्या बाईला कबड्डीचं काय सांगायचं! त्यांच्या गावच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं.

आणि खरंच, चढाई करणारा एकटाच सात जणांच्या अंगणात जातो. त्याला पकडा, पाडा, पण तोंड दाबून त्याचा दम कोंडायचा नाही, केस किंवा कपडे धरून खेचायचं नाही. असं केलं तर पकड धरलीच जात नाही. आजच्या प्रो कबड्डीत वर कार्डंही आहेत: हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे खेळ संपला. पिवळं कार्ड मिळालं की त्या दोन मिनिटांत संघ एका माणसानं कमी. २०१७ मध्ये यूपी योद्धाचे घरचे सामने इथं लखनौत बाबू बनारसी दास इनडोअर स्टेडियममध्ये झाले, तेव्हा लखनौच्या प्रेक्षकांनीही हे जवळून पाहिलं.

क्रिकेटच्या नियमपुस्तकातही ऑक्टोबर २०१७ पासून गैरवर्तनासाठी समोरच्या संघाला पाच धावा देण्याची सोय आहे. गुन्हा मोठा असेल तर खेळाडूला काही षटकं किंवा उरलेला पूर्ण सामना बाहेर काढता येतं. पण टीव्हीवरच्या मोठ्या सामन्यांत अशा डिवचण्यासाठी पाच धावा गेलेल्या तुम्हाला सहसा दिसणार नाहीत.

आमच्या कॉलनीचा नियम

त्या लहानग्याकडं परत येऊ.

तो दोन दिवस खाली आलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई जिन्यात भेटली, म्हणाली, “खाना भी ठीक से नहीं खा रहा.” मोठ्या मुलाच्या वडिलांना कळलं. त्यांनी त्याला दारात नेऊन माफी मागायला लावली. त्यानं खाली मान घालून ‘सॉरी’ म्हटलं. दुसऱ्या संध्याकाळी दुसरा कोणी आउट झाला आणि साहेबांनी पुन्हा वही काढली. म्हणजे आमच्याकडंही आयपीएलसारखंच! दंड घरी, नंतर, एकट्याला.

तेव्हा सासूबाई काठी टेकत खाली गेल्या. तोडक्यामोडक्या हिंदीत त्यांनी पोरांना गोळा केलं आणि कबड्डीचा कायदा क्रिकेटला लावला: जो डिवचेल त्याच्या संघाचे पाच रन गेले, आणि तो एक ओव्हर पायरीवर बसेल. त्याच्या जागी दुसरा कोणी येणार नाही.

पोरं आधी हसली. पण दोनच दिवसांत मी बाल्कनीतून ऐकलं. बॉलरनं तळवा पुढं केला आणि त्याचाच कप्तान ओरडला, “अबे मत कर, पाँच रन जाएँगे!” बॉलरनं तळवा मागं घेतला आणि केसांवरून फिरवला.

मंडळी, नऊ लाखांनी जे साधलं नाही ते पाच धावांनी साधलं. कारण आता सोबत्यांना हसणं परवडत नव्हतं.

पण थांबा. गोष्ट इथं संपली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता.

आठवड्यानंतर तोच मोठा मुलगा पुन्हा चुकला. सामना अटीतटीचा, विकेट मिळाली, तोंडातून काहीतरी निघून गेलं. पाच रन गेले. संघ तीन रननी हरला. आणि मग सगळी पोरं त्याच्यावर तुटून पडली. ‘तेरी वजह से हारे’ हे मी किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कोणी संघातच घेतलं नाही. तो पायरीवर बसून राहिला. काल जो लहानग्याला रडवत होता तो आज स्वतः रडकुंडीला आला होता.

मला वाईट वाटलं. डिवचणं बंद करायला केलेल्या नियमानं आता सगळ्यांना मिळून एकाला डिवचायचा परवानाच दिला होता.

शेजारी उभा राहणारा

तेव्हा मला भाच्यानं सांगितलेली एक रात्र आठवली. २९ जानेवारी २०२३, कॅन्सस सिटी. सिनसिनाटी बेंगल्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स यांच्यात अंतिम सामन्यात कोण जाणार याचा निकाल होता. २०-२० अशी बरोबरी. फक्त काही सेकंद उरलेले. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स दुखऱ्या पायानं धावत मैदानाच्या रेषेबाहेर गेला, आणि तो बाहेर पडल्यावर बेंगल्सच्या जोसेफ ओसाईनं त्याला ढकललं. ओसाई २२ वर्षांचा. पिवळं फडकं पडलं. १५ यार्ड. उरले ८ सेकंद. त्या १५ यार्डांमुळं शेवटची किक ४५ यार्डांवरून मारता आली, नाहीतर ती ६० यार्डांवरून मारावी लागली असती. किक गेली, चीफ्स २३-२० जिंकले, आणि दोन आठवड्यांनी विजेतेही झाले.

ओसाई बाकावर बसून रडत होता. त्याचा एक सहकारी त्याच्या नावानं संतापून ओरडत आत गेला, ते कॅमेऱ्यात आलं. नंतर त्या सहकाऱ्यानं आपलं चुकलं असं मान्य केलं. पण दुसरा एक सहकारी, बी. जे. हिल, पत्रकार ओसाईला प्रश्न विचारायला आले तेव्हा त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. शेवटपर्यंत हलला नाही. ओसाईनं कोणावर ढकललं नाही, आपली चूक मान्य केली. पण ती मान्य करताना तो एकटा नव्हता.

दोघेही त्याच संघातले, दोघांचंही सारखंच नुकसान झालेलं. एकानं बोट दाखवलं, एकानं खांदा दिला.

कप्तानाचा हात

२७ मे २०२५ला एकानावर हंगामातला लखनौचा शेवटचा सामना होता. बंदी संपवून राठी परत आलेला. समोर बंगळुरू, आणि त्या दिवशी त्यांचा कप्तान होता अमरावतीचा जितेश शर्मा! आमच्या घरात त्या रात्री फाळणी झाली. माझा नवरा आणि मुलगा लखनौचे, सासूबाई एकट्या अमरावतीच्या.

ऋषभ पंतनं नाबाद ११८ काढल्या, लखनौच्या २२७ झाल्या. जितेशनं ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकून त्या पार केल्या. मधे एक प्रसंग घडला. राठी चेंडू टाकायला आला आणि न टाकता वळून त्यानं दुसऱ्या टोकाला क्रीझबाहेर गेलेल्या जितेशची यष्टी उडवली, अपील केलं. असं बाद करणं नियमात बसतं, त्यात गैरवर्तन काही नाही. पण राठीची चेंडू टाकण्याची क्रिया तोवर पुढं गेली होती म्हणून तिसऱ्या पंचांनी नाबाद ठरवलं, आणि कप्तान पंतनंही अपील मागं घेतलं. जितेशनं जाऊन पंतला मिठी मारली. सासूबाईंनी टीव्हीलाच दोन्ही हातांनी बोटं मोडून दृष्ट काढली.

यावर पुढं वाद झाला. कप्तानानं स्वतःच्या गोलंदाजाला चारचौघांत असं उघडं पाडावं का, असंही काही जाणकार म्हणाले. त्यातही तथ्य आहे. म्हणूनच मला वाटतं, कप्तानाचं खरं काम टीव्हीवर दिसतं त्याच्या आधी होतं, जेव्हा तो कानात सांगतो, ‘लिही, पण गवतावर.’

आणि एक गंमत. त्याच रात्री षटकं वेळेत न टाकल्याबद्दल लखनौला हंगामात तिसऱ्यांदा दंड झाला. पंतला ३० लाख, आणि इम्पॅक्ट प्लेअरसह बाकी प्रत्येकाला १२ लाख किंवा मॅच फीच्या ५० टक्के, यातली कमी असेल ती रक्कम. म्हणजे क्रिकेटलाही सगळ्यांना मिळून दंड करता येतो. उशीर झाला की सगळे जबाबदार, पण डिवचलं की एकटा. हे मला अजून नीट पटलेलं नाही. तुम्हाला पटतं का?

आणि पायरीवरचा तो

तिसऱ्या दिवशी आमच्या कॉलनीत बॉलर कमी पडला. कोचिंग क्लासला गेला होता कोणीतरी. कप्तान पायरीशी गेला. माफी नाही, भाषण नाही. फक्त म्हणाला, “बॉलर नहीं है. आ जा. लिखना मत.”

तो उठला. पहिल्याच ओव्हरला विकेट मिळाली, आणि बॅटिंगला होता तोच लहानगा. आम्ही सासू-सुना बाल्कनीत श्वास रोखून उभ्या. मोठ्यानं तळवा उघडला, कप्तानाकडं पाहिलं, आणि वळून जाऊन कंपाउंडच्या भिंतीवर बोटानं काहीतरी गिरवलं. सगळे हसले. या वेळी लहानगाही. मग तो ओरडला, “स्पेलिंग गलत है!”

सासूबाईंचा चहा गार झाला होता. तो ढोसता ढोसता त्या म्हणाल्या, “आता बरोबर लिहून राह्यला.”

मंडळी, आपल्या घरीही हेच चालतं. एक मुलगा भावंडाला चिडवतो. आपण त्याला आत बोलावून दम देतो, पॉकेटमनी कापतो, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. कारण चिडवताना बाकीचे हसलेले असतात आणि त्यांचं काही गेलेलं नसतं. एकदा हसणाऱ्यांचाही थोडा तोटा करून बघा. आज टीव्ही कोणालाच नाही, असं म्हणून बघा. घरातला कप्तान आपोआप जागा होतो. पण तेवढ्यावर थांबू नका. त्या रात्री सगळे मिळून त्या एकावर तुटून पडले, तर जेवताना त्याच्या शेजारचं ताट तुमचं असू द्या.

तुमच्या गल्लीत, सोसायटीत, शाळेच्या मैदानावर असा एखादा नियम आहे का? पोरांनी स्वतः केलेला असेल तर फारच छान. खाली नक्की लिहा. आणि हो, कोणाची तक्रार सांगायची असेल तर नाव लिहू नका. वहीत नावं आधीच खूप झालीयत.

पुढच्या वेळी भेटूच. तोवर खेळत राहा!